अडचणीच्या वचनापाशी: बायबलचे टीकाकार आणि एफ. एफ. ब्रूस

अंत्युखियात पौल आणि पेत्र यांचे चारचौघांत भांडण झाले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, अकराव्या वचनापासून, पौल ते स्वतःच सांगतो. पेत्र तिथल्या बिगरयहुदी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली आणि पेत्र त्या पंगतीतून हळूहळू बाजूला झाला. त्याचे पाहून बाकीचे यहुदी ख्रिस्तीही सरकले, इतकेच काय पौलाचा जिवाभावाचा सोबती बर्णबाही सरकला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर खडसावले. पंगतीला कोण कोणाशेजारी बसतो यावरून माणसाची लायकी ठरवणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

पुढे या दोघांनाही चर्चने संत मानले, दोघांचा सण एकाच दिवशी ठेवला. मग त्या पत्रावर टीका लिहिणाऱ्याने या भांडणाचे काय करायचे? चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेममध्ये बसून लिहिणाऱ्या जेरोमने वाट काढली ती अशी: हे खरे भांडण नव्हतेच, लोकांना शिकवण मिळावी म्हणून दोघांनी ठरवून केलेला तो देखावा होता. ही कल्पना त्याने आधीच्या ओरिजेनकडून घेतली होती. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोहून ऑगस्टीनने त्याला पत्र लिहून हरकत घेतली. कितीही चांगल्या हेतूने का होईना, प्रेषिताने शास्त्रात खोटे लिहिले असे एकदा मान्य केले, तर शास्त्रातल्या कोणत्या वाक्यावर भरवसा ठेवायचा, असा त्याचा सवाल होता. ते पत्र वाटेत भरकटले, जेरोमच्या आधी भलत्यांनीच वाचले, आणि दोघांत बराच काळ कडवटपणा राहिला.

ख्रिस्ती टीकाकारांच्या दीर्घ परंपरेकडे पाहताना मला हा प्रसंग कसोटीसारखा वापरावासा वाटतो. टीकाकार श्रद्धावान आहे की नाही, हे मी आधी विचारत नाही. जे वचन त्याच्या स्वतःच्या मंडळीला, गुरूंना किंवा मनाला टोचते, तिथे तो काय करतो ते पाहतो. तिथे थांबून मजकूर जे सांगतो ते तो लिहितो का, की वळसा घालून पुढच्या वचनाकडे जातो? श्रद्धा आणि चिकित्सा यांचे जुळते का, या जुन्या प्रश्नाचे उत्तर सिद्धान्तांच्या पुस्तकांपेक्षा टीकाग्रंथांच्या अशा पानांवर अधिक स्पष्ट मिळते.

आधुनिक टीकाग्रंथाचा साचा एकोणिसाव्या शतकात घडला. आरंभी लांब प्रस्तावना असते. पुस्तक कोणी, कधी, कुठून, कोणासाठी लिहिले याची चर्चा तिच्यात येते. मग मूळ ग्रीक किंवा हिब्रू मजकूर, हस्तलिखितांतले पाठभेद, आणि त्याखाली वचनागणिक विवरण. एखादा प्रश्न विवरणात मावला नाही तर त्याला स्वतंत्र निबंध. ज्ञानेश्वरी किंवा गीतारहस्य वाचलेल्या माणसाला भाष्य नवे नाही, पण हा प्रकार वेगळा आहे. इथे लेखकाचा कस लागतो तो शब्द, तारखा आणि शिलालेख यांच्या बाबतीत. रसाळ निरूपण ही त्याची जबाबदारी मानली जात नाही.

या साच्याला सर्वात पक्के रूप दिले ते जोसेफ बार्बर लाइटफूट यांनी. जन्म १८२८, लिव्हरपूल. केंब्रिजमध्ये प्राध्यापक, आणि १८७९ पासून दरॅमचे बिशप. त्यांच्या पिढीपुढे आव्हान उभे केले होते ते जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या एफ. सी. बाऊर यांनी. अंत्युखियातले भांडण बाऊर यांनी साऱ्या इतिहासाची किल्ली मानले. आरंभीचा ख्रिस्ती धर्म म्हणजे पेत्राचा गट आणि पौलाचा गट यांचा झगडा, आणि नव्या करारातली बरीचशी पुस्तके हा झगडा मिटवण्यासाठी दुसऱ्या शतकात उशिरा लिहिली गेली, अशी त्यांची मांडणी. योहानाचे शुभवर्तमान तर त्यांनी इसवी सन १७० च्या सुमाराला नेऊन ठेवले.

इंग्लंडमधल्या पुष्कळ धर्मगुरूंनी याला उत्तर म्हणून नुसता संताप व्यक्त केला. लाइटफूट कामाला लागले. १८६५ मध्ये गलतीकरांस पत्रावरची त्यांची टीका आली. तिच्यात पौल आणि यरुशलेमचे तीन प्रमुख, म्हणजे पेत्र, याकोब, योहान, यांच्या संबंधांवर स्वतंत्र निबंध आहे. मतभेद होते हे त्यांनी झाकले नाही. देखाव्याची जेरोमची कल्पना कुठून आली, कोणी उचलली, कोणी नाकारली, याचा माग घेऊन तिचा निकालही लावला. बाऊर यांच्या कालगणनेवर मात्र त्यांनी मुळावरच घाव घातला. अंत्युखियाचा बिशप इग्नाती याच्या नावावरच्या पत्रांपैकी सात अस्सल आहेत आणि ती दुसऱ्या शतकाच्या आरंभीची आहेत, हे त्यांनी १८८५ च्या ग्रंथात इतक्या पुराव्यांनिशी दाखवले की ट्युबिंगेनचा डोलारा सावरणे कठीण झाले.

मला लाइटफूट अधिक मोठे वाटतात ते दुसऱ्याच कारणासाठी. १८६८ मध्ये फिलिप्पैकरांस पत्रावरच्या टीकेला त्यांनी ख्रिस्ती सेवकपदांच्या इतिहासावर एक दीर्घ निबंध जोडला. बिशपपद प्रेषितांनी जसेच्या तसे वरून दिलेले नाही, मंडळीच्या वडीलजनांमधून एकाला पुढे आणत ते हळूहळू घडत गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. अँग्लिकन चर्चमधल्या बिशपपदाच्या कट्टर कैवाऱ्यांना तो झोंबला. अकरा वर्षांनी लाइटफूट स्वतः बिशप झाले, तरी त्या निबंधातला मुख्य निष्कर्ष त्यांनी मागे घेतला नाही.

विसाव्या शतकात हीच वाट चाललेला, आणि एका अर्थाने अधिक अवघड जागी उभा असलेला माणूस म्हणजे फ्रेडरिक फायव्ही ब्रूस. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एल्गिन गावी १२ ऑक्टोबर १९१० ला जन्म. वडील ब्रदरेन मंडळीचे फिरते सुवार्तिक. या मंडळीत पगारी पाळक नसतो. शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचायचे, त्यावर सभेत बोलायचे, आणि त्याचा शब्द अखेरचा मानायचा. अशा घरांतून चिकित्सक अभ्यासाबद्दल संशय असणे सर्वसाधारण होते. ब्रूस मात्र ॲबर्डीनला ग्रीक-लॅटिन शिकले, मग केंब्रिजला आणि तिथून व्हिएन्नाला भाषाशास्त्रासाठी गेले. एडिंबरोला ग्रीक शिकवण्याची नोकरी मिळाली म्हणून व्हिएन्नातली डॉक्टरेट अर्धवट राहिली. पुढे लीड्सलाही ते ग्रीकच शिकवत होते. धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन मिळवलेली पदवी त्यांच्याकडे नव्हती. ॲबर्डीनने १९५७ मध्ये दिली ती मानद.

हे उणे त्यांच्या पथ्यावर पडले. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक त्यांनी हातात घेतले ते ग्रीक इतिहासकार वाचण्याची सवय असलेल्या माणसाच्या नजरेने. ग्रीक मजकुरावरची त्यांची टीका १९५१ मध्ये निघाली, जेमतेम पाचशे पानांची. तीन वर्षांनी त्याच पुस्तकावर, ग्रीक न येणाऱ्या वाचकासाठी, दुसरी आली. पहिल्या टीकेचे बळ कशात आहे ते जवळून पाहण्यासारखे आहे.

सतराव्या अध्यायात थेस्सलनीकाचा जमाव यासोन नावाच्या गृहस्थाला शहराच्या अधिकाऱ्यांपुढे ओढत नेतो. कृत्यांचा लेखक लूक त्या अधिकाऱ्यांना ‘पोलितार्ख’ म्हणतो. ज्ञात ग्रीक वाङ्मयात हे पदनाम या रूपात सापडत नव्हते, म्हणून लूकने ते मनाने रचले अशी शंका घेता येत होती. पण थेस्सलनीकाच्या एका वेशीच्या कमानीवर, आणि मासेदोनियात इतरत्रही, पोलितार्खांची नावे कोरलेले शिलालेख मिळाले. त्या कमानीचा लेख आता लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. पुढच्याच अध्यायात करिंथमध्ये पौलाला गल्लियो या प्रांताधिकाऱ्यापुढे उभे करतात. गल्लियो हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. ग्रीसमधल्या डेल्फी इथे सापडलेल्या, सम्राट क्लौद्याच्या पत्राच्या शिलालेखात त्याचे नाव आहे आणि त्यावरून त्याची कारकीर्द इसवी सन ५१-५२ च्या आसपास येते. पौलाच्या आयुष्याचा सारा कालपट या एका खुंटीला बांधलेला आहे. ब्रूस असे पुरावे एकामागून एक ठेवत जातात. कुठल्या शहरात कोणते अधिकारी, कोणत्या प्रांताची हद्द कुठवर, जहाज कोणत्या वाऱ्याने भरकटले, हे सगळे तपासतात. आवाज मात्र कुठेही चढत नाही.

त्यांची उणीवही याच पुस्तकात दिसते. पाचव्या अध्यायात यहुदी शास्त्री गमलियेल थुदाच्या बंडाचा उल्लेख करतो आणि त्याच्या नंतर गालीलकर यहूदाच्या बंडाचा. इतिहासकार योसेफसच्या हिशेबाने थुदाचे बंड इसवी सन ४४ नंतरचे, म्हणजे गमलियेलच्या त्या भाषणाच्याही पुढचे. इथे लूकची चूक झाली असावी, हा सरळ अंदाज. ब्रूस सुचवतात की हा थुदा दुसराच कोणी असेल, नाव काही दुर्मीळ नव्हते. अशक्य नाही, पण दुसऱ्या कुठल्या इतिहासकाराच्या बाबतीत त्यांनी इतकी सवलत दिली असती असे मला वाटत नाही. जेम्स बार यांनी १९७७ मध्ये पुराणमतवादी अभ्यासकांवर जो आक्षेप घेतला, की चिकित्सेने खुल्या ठेवलेल्या पर्यायांतून ते नेमका परंपरेला सोयीचा पर्याय उचलतात, तो या पानावर लागू पडतो.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. १९५६ मध्ये जर्मन अभ्यासक एर्न्स्ट हेन्खेन यांची कृत्यांवरची टीका आली. घडले तसे लिहिले आहे का, या प्रश्नापाशी ते रेंगाळत नाहीत. लूकला या मांडणीतून काय सांगायचे आहे, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या लूकमध्ये इतिहासकार फारसा उरत नाही. ब्रूस यांच्या लूकमध्ये विचारवंत कमी दिसतो. दोन्ही अंगांना न्याय द्यायला दरॅमचे मेथडिस्ट अभ्यासक सी. के. बॅरेट यांची दोन खंडांतली टीका यावी लागली, आणि ती आली १९९४ आणि १९९८ मध्ये. आज कृत्यांवर एकच टीका घ्यायची असेल तर मी बॅरेट सुचवीन. दोन घेता येणार असतील तर सोबत ब्रूस.

१९४७ मध्ये शेफील्ड विद्यापीठाने बायबलचा इतिहास आणि वाङ्मय यांचा नवा विभाग काढला आणि ब्रूस यांना प्रमुख नेमले. हा विभाग पाळक घडवण्यासाठी नव्हता, कोणत्याही चर्चच्या ताब्यात नव्हता. इतर विषयांसारखाच हाही विषय शिकवायचा होता. १९५९ मध्ये ते मँचेस्टरला रायलँड्स अध्यासनावर गेले. पीक, डॉड, मॅन्सन यांच्यासारख्यांनी हे अध्यासन भूषवले होते. त्याच शहरातल्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, तळहाताहून लहान. त्याच्या दोन्ही बाजूंना योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या काही ओळी आहेत. सी. एच. रॉबर्ट्स यांनी तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला आणि अक्षरवळणावरून दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. आज काही अभ्यासक ही मुदत थोडी पुढे सरकवतात, तरीही बाऊर यांच्या १७० ला त्याने मोठा अडसर घातला. ब्रूस १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत मँचेस्टरला होते. जुन्या कराराच्या आणि नव्या कराराच्या अशा दोन्ही विद्वत्परिषदांचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

त्यांचे सर्वात परिपक्व लेखन निवृत्तीनंतरचे आहे. गलतीकरांस पत्राच्या ग्रीक मजकुरावरची टीका १९८२ ची, वय एकाहत्तर. पौल दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी यरुशलेमच्या ज्या भेटीची हकिकत देतो ती कोणती? लाइटफूट आणि आजचेही बहुसंख्य अभ्यासक म्हणतात की ती कृत्यांच्या पंधराव्या अध्यायातली, बिगरयहुदी ख्रिस्तींवर यहुदी नियमांची सक्ती करायची का हे ठरवणारी मोठी सभा. ब्रूस म्हणतात की ती त्याआधीची, दुष्काळाच्या वेळची मदत पोचवायला केलेली भेट. म्हणजे हे पत्र मोठ्या सभेच्या आधीचे, सुमारे इसवी सन ४८ चे, आपल्या हाती असलेल्या पौलाच्या पत्रांतले सर्वात जुने. याचा एक फायदा उघड आहे. पौल आपल्या यरुशलेमच्या भेटी शपथेवर मोजतो आहे, आणि या हिशेबाने त्यातली एकही गळत नाही. शिवाय पेत्र पंगतीतून उठला तो सभेचा निर्णय होण्याआधी उठला, त्यामुळे तो दिलेला शब्द मोडणारा ठरत नाही. मला ही मांडणी पूर्ण पटत नाही. दोन्ही हकिकतींतली माणसे तीच, वाद तोच, आणि त्या भेटीआधी गेली म्हणून पौलाने सांगितलेल्या चौदा वर्षांना जागा करताना कालपट फार ताणावा लागतो. पण या शंका माझ्या मनात आल्या त्या ब्रूस वाचताना. विरोधी बाजू त्यांनी इतकी नीट मांडली आहे की वाचकाला त्यांच्याशीच वाद घालायचे साहित्य त्यांच्याच पानांतून मिळते.

त्याच पुस्तकात तिसऱ्या अध्यायाचे अठ्ठाविसावे वचन येते. ख्रिस्तामध्ये यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद उरत नाहीत, असा त्याचा आशय. ब्रदरेन सभांमध्ये स्त्रियांनी मौन पाळायचे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता, आणि त्याला आधार पौलाच्याच दुसऱ्या वचनांचा. ब्रूस जन्मभर याच मंडळीत राहिले. त्यांनी लिहिले की इथे मूलभूत तत्त्व सांगितले आहे. पौलाच्या इतर पत्रांत स्त्रियांवर जी बंधने दिसतात ती या वचनाच्या प्रकाशात समजून घ्यावीत, या वचनाला त्या बंधनांच्या मापात कापू नये. लाइटफूट यांनी बिशपपदाबद्दल जे केले ते ब्रूस यांनी इथे केले. थुदापाशी ते डगमगले असतील, इथे नाही. आणि या दोहोंतली जास्त जोखमीची जागा हीच होती, कारण ही पाने त्यांच्या सभेत शेजारी बसणारी माणसे वाचणार होती.

कॅथलिक बाजूला हीच गोष्ट फार महाग पडली. मारी-जोसेफ लाग्रांज या डोमिनिकन पाद्रींनी १८९० मध्ये यरुशलेममध्ये बायबल अभ्यासाची शाळा काढली. उत्पत्तीच्या पुस्तकावरची त्यांची टीका तयार असूनही तिला छापायची परवानगी मिळाली नाही. १९१२ मध्ये धर्मशिक्षणसंस्थांतून त्यांच्या ग्रंथांवर बंदी आली आणि त्यांना काही काळ यरुशलेम सोडावे लागले. ते परतले, लिहीत राहिले, चर्च सोडले नाही. १९३८ मध्ये ते गेले. पाचच वर्षांनी, १९४३ मध्ये, पोप बारावे पायस यांनी मूळ भाषा आणि वाङ्मयप्रकार यांच्या आधारे अभ्यास करायला अधिकृत वाट मोकळी करून दिली. त्या वाटेवरून अमेरिकेतले पाद्री रेमंड ब्राउन आले. योहानाच्या शुभवर्तमानावरची त्यांची दोन खंडांची टीका १९६६ आणि १९७० ची आहे, आणि प्रॉटेस्टंट अभ्यासकही ती अजून उघडतात. येशूच्या कुमारीजन्माबद्दल केवळ ऐतिहासिक पुराव्यावर निर्णय देता येत नाही, चर्चच्या शिकवणीमुळे मी तो मानतो, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. त्यावरून त्यांच्या चर्चमधल्या कडव्या मंडळींनी त्यांना आयुष्यभर सोडले नाही.

या पिढीबरोबर आणखी एक धागा चालला होता, सामान्य वाचकासाठीच्या टीकेचा. ग्लासगोचे विल्यम बार्कले यांची रोजच्या वाचनासाठी लिहिलेली छोटी पुस्तके लाखोंनी खपली. ती हलकी नाहीत, पण अडचणीच्या वचनापाशी ती फार वेळ थांबत नाहीत.

अलीकडे चित्र पालटले आहे. प्रकाशकांच्या मालिका वाढल्या, प्रत्येक मालिकेला प्रत्येक पुस्तकावर टीका हवी असते. क्रेग कीनर यांची कृत्यांवरची टीका २०१२ ते २०१५ दरम्यान चार खंडांत निघाली, चार हजारांहून अधिक पाने. माहिती अफाट आहे, आणि अभ्यासकाला तिचा उपयोगही आहे. पण आधीच्या शंभर टीकांची टिपणे काढून पुढची टीका लिहायची, या पद्धतीत आपले कोणते आणि उचललेले कोणते याची सीमा पुसट होते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका जुन्या प्रकाशनसंस्थेने एका ज्येष्ठ अभ्यासकाच्या तीन टीका विक्रीतून काढून घेतल्या, कारण त्यांत इतरांचा मजकूर श्रेय न देता आला होता. ही घटना एकट्या माणसाच्या दोषापुरती पाहू नये. टीकाकाराने आधी मूळ मजकुरासमोर एकटे बसायचे आणि मग इतरांची पुस्तके उघडायची, हा क्रम उलटा झाला की असे घडणारच.

आपल्याकडे या कामाला पाया आहे. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. तिथल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले आणि ते छापले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक पुरे झाले १९२४ मध्ये. शेजारी बसून बोलल्यासारख्या मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. पण मूळ मजकुरापासून आरंभ करणारी, पाठभेद आणि शिलालेख तोलणारी, आपल्याच मंडळीला न रुचणारे वचनही सरळ उलगडणारी टीका मराठीत रुजलेली नाही. पुण्यात प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, कॅथलिकांचे ज्ञानदीप विद्यापीठ आहे. दोन्हीकडे ग्रीक आणि हिब्रू शिकवणारे अध्यापक आहेत, शिकणारे विद्यार्थी आहेत, संदर्भग्रंथांनी भरलेली ग्रंथालये आहेत, फक्त अभ्यासाचा व्यवहार इंग्रजीतून चालतो. या दोन संस्थांनी मिळून नव्या करारातले एकच लहान पत्र निवडावे, फिलेमोनाला लिहिलेले पंचवीस वचनांचे घेतले तरी चालेल. दास आणि धनी यांच्या संबंधावरचे ते पत्र आहे आणि त्यावर मराठी मंडळीत बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ग्रीक मजकूर, नवे भाषांतर, वचनागणिक टीका, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही अभ्यासकांची नावे मुखपृष्ठावर, आणि सगळे मराठीत. मराठी वाचक ते पुस्तक नक्की विकत घेईल.